वाळवून खायचा मका : परसबागेत देशी टणक मका कसा लावावा, कसा वापरावा

शहरात मका म्हणजे आता स्वीट कॉर्न. तीच अपेक्षा ठेवून देशी मका लावला तर निराशा ठरलेली. त्याचं कणीस उकडून खाल्लं तर चिवट लागतं, गोडी बेताचीच, आणि तोडायला चार दिवस उशीर झाला की दाढा दुखतात. हा मका पिढ्यान्‌पिढ्या राखला गेला तो कोवळा खाण्यासाठी नव्हेच. झाडावर वाळू द्यायचा, दाणे सोलायचे, भरडायचे, दळायचे आणि पुरवून पुरवून खायचा, असं हे धान्य आहे. भाजीपाल्याच्या वाफ्यात लावलं म्हणून त्याची भाजी होत नाही. हे एकदा मनात पक्कं बसलं की बी कुठलं आणायचं, जागा किती द्यायची, कणीस कधी तोडायचं, हे पुढचे निर्णय बरेच सोपे होतात.

टणक मका ओळखायचा कसा

मक्याच्या दाण्यात पिष्टमय गर दोन प्रकारचा असतो. एक कठीण, काहीसा पारदर्शक. दुसरा मऊ आणि पिठूळ. टणक मक्यात कठीण गराचं जाड आवरण सगळ्या बाजूंनी असतं आणि पिठूळ भाग मधोमध थोडासाच. त्यामुळे दाणा वाळला तरी त्याचा माथा गोल आणि चकचकीत राहतो. दंतुर मक्यात पिठूळ भाग थेट माथ्यापर्यंत पोचलेला असतो, वाळताना तो आकसतो आणि दाण्याच्या डोक्यावर खळगा पडतो. मूठभर दाणे तळहातावर घेतले की हा फरक सहज कळतो. इंग्रजी पुस्तकांत ज्याला फ्लिंट कॉर्न म्हणतात तो हाच. लाह्यांचा मका याच्याच जवळचा, फक्त दाणा लहान आणि गर आणखी कठीण. साध्या टणक मक्याच्या लाह्या अर्ध्यामुर्ध्याच फुटतात, पण खाऱ्या पाण्यात भिजवून वाळूत भाजल्या तर फुटाण्यांच्या जागी चालून जातात.

मका मूळचा मेक्सिकोचा. टिओसिंटे नावाच्या रानगवतापासून तिथल्या लोकांनी सुमारे ९ हजार वर्षांपूर्वी तो घडवायला सुरुवात केली. आपल्याकडे तो पोर्तुगीजांच्या काळात आला असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे 'देशी' म्हणताना आपण बोलतो ते इथल्या मातीत काही शतकं मुरलेल्या वाणांबद्दल. महाराष्ट्रात असे वाण पाहायचे तर सातपुड्यात जावं. धडगाव, अक्कलकुवा या भागात पांढरा, पिवळा, मिश्र रंगाचा मका आजही घरच्या बियाण्यावर घेतला जातो.

बी मिळवणं

सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे गावाकडच्या एखाद्या घरातून, चुलीवर टांगलेल्या कणसांतून मिळालेलं बी. ते नसेल तर बियाणे महोत्सव, आठवडी बाजार किंवा देशी वाणांवर काम करणाऱ्या संस्था. धडगाव भागात स्थानिक मका आणि ज्वारीच्या वाणांच्या संवर्धनाचं काम 'बायफ' या संस्थेने केलं आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या, देशी बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरे यांच्या कामानंतर राज्यात गावोगावी घरगुती बियाण्याच्या बँका उभ्या राहिल्या. आपल्या जिल्ह्यात चौकशी केली तर एखादी सापडते. शेतकऱ्याने बियाणं राखणं, पेरणं, दुसऱ्याला देणं हे २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने मान्य केलेलं आहे, तेव्हा मागायला संकोच नको.

कृषी सेवा केंद्रातून आणताना मात्र नीट विचारा. गुलाबी किंवा हिरव्या रंगाचा लेप असलेलं बी औषध लावलेलं असतं आणि बहुधा संकरित. ते उगवतं जोमाने, पण त्याच्या दाण्यांपासून पुढच्या वर्षी पेरलं तर झाडं एकसारखी येत नाहीत. कोणी उंच, कोणी बुटकं, कोणाला कणीसच नाही. दुसरी गफलत 'आफ्रिकन टॉल'ची. हा वाण संकरित नाही हे खरं, पण तो चाऱ्यासाठी आहे. डोक्याच्या वर जाणारी हिरवीगार झाडं पाहून मन भरतं, गिरणीत न्यायला फारसं काही हाती लागत नाही.

निवडताना दाणा अखंड, चकचकीत, कीड न लागलेला घ्या. किती पेरायचं त्याच्या दुप्पट बी जवळ असू द्या. उगवलेलं अर्धं पाखरांचं असतं.

एकच ओळ लावू नका

नवशिक्यांकडून हमखास होते ती गोष्ट म्हणजे कुंपणाच्या कडेने मक्याची एक लांब ओळ. दिसते छान. कणसं मात्र बोळकी निघतात, कुठे चार दाणे, कुठे रिकामी जागा. याचं कारण समजून घेतलं तर मक्याची निम्मी शेती समजली.

मक्याच्या शेंड्याला जो तुरा येतो तो नर फुलोरा. खाली पानांच्या बेचक्यात जे कणीस धरतं तो मादी फुलोरा. कणसातून बाहेर लोंबणारा प्रत्येक केस आत एका भावी दाण्याला जोडलेला असतो. त्या केसावर पराग पडला तर तो दाणा भरतो, नाही पडला तर ती जागा रिकामी. चारशे दाण्यांचं कणीस हवं तर चारशे केसांवर वेगवेगळा पराग पडायला हवा. आणि हे काम वारा करतो, मधमाशी नाही. तुऱ्यातून पराग साधारण आठवडाभर झडतो, त्यातही मुख्यतः सकाळी. एका ओळीत लावलेल्या झाडांचा पराग वाऱ्याबरोबर शेजारच्या अंगणात जातो. चौकोनात लावला तर तो एकमेकांच्या अंगावर पडतो.

म्हणून जागा थोडी असली तरी चौकोन करा. दहा फूट बाय दहा फुटांचा वाफा ही मी सुचवेन अशी किमान जागा. दोन ओळींत ६० सेंटिमीटर आणि दोन झाडांत २५ सेंटिमीटर अंतर धरलं तर पाच ओळींत साठेक झाडं बसतात. देशी मक्याला झाडाला एक चांगलं कणीस येतं, क्वचित दुसरं. सगळं सुरळीत गेलं तर तीन-चार किलो कोरडे दाणे मिळावेत, म्हणजे चाळीसभर भाकऱ्या. यापेक्षा जास्त कोणी सांगत असेल तर तो संकरित मक्याचा हिशेब सांगतो आहे.

गच्चीवर? जमतं, पण हट्टाने. दीड फूट रुंद, दीड फूट खोल ग्रो बॅगमध्ये तीन-चार झाडं, अशा आठ-दहा बॅगा एकमेकींना चिकटून ठेवायच्या. वारा जोराचा असेल तर काठ्या लागतात आणि पाणी उन्हाळ्यात दिवसातून दोनदा. दोन कुंड्यांत दोन झाडं लावणार असाल तर त्यापेक्षा मिरची लावा.

शेजारच्या शेतात संकरित किंवा गोड मका असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. परक्या परागाचा परिणाम मक्यात त्याच हंगामात दाण्यावर दिसतो. तुमच्या पांढऱ्या मक्याच्या कणसात पिवळे दाणे आले तर पाहुणा येऊन गेला. खायला काही बिघडत नाही, पण बियाण्यासाठी ते दाणे बाद. बी शुद्ध ठेवायचं तर दोन वाणांत निदान २०० मीटर अंतर हवं. परसबागेत ते कुठून आणणार? म्हणून वेळेचं अंतर ठेवायचं: शेजाऱ्याच्या पेरणीपेक्षा तीन-चार आठवडे पुढे किंवा मागे पेरलं की दोघांचे तुरे एका वेळी येत नाहीत.

पेरणी

खरिपात मृगाचा पाऊस नीट झाला की जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत. पाण्याची सोय असेल तर रब्बीत १५ ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा. नवशिक्याने पहिल्यांदा रब्बीतच करावं असं माझं मत आहे. पाऊस नाही, तण कमी, आणि कणसं वाळण्याच्या वेळी ऊन कोरडं. खरिपात तीच कणसं परतीच्या पावसात सापडतात. रब्बीचा मका थंडीमुळे थोडा रेंगाळतो, पण ते चालतं.

जमीन कसदार आणि निचऱ्याची हवी. मका तहान एक वेळ सोसतो, पण पाण्यात उभा राहणं त्याला मुळीच सोसत नाही. कोवळ्या रोपांच्या मुळाशी पाणी साचलं तर दोन-तीन दिवसांत पानं पिवळी पडतात. काळ्या चिकट मातीत सरी-वरंबा करून वरंब्याच्या बगलेला बी टोका. आधी वाफ्यात चौरस मीटरला दोन-तीन किलो चांगलं कुजलेलं शेणखत मिसळून घ्या. अर्धवट कुजलेलं नको, हुमणी (मुळं खाणारी पांढरी अळी) येते.

बी रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी सावलीत कोरडं करा, अॅझोटोबॅक्टरचं जिवाणू खत मिळालं तर ते चोळा. चार-पाच सेंटिमीटर खोल, एका जागी दोन दाणे. वर टोकले तर पाखरं उकरतात. उगवण पाच ते आठ दिवसांत होते आणि नेमके तेव्हाच साळुंक्या आणि कावळे रोपं उपटून खालचा दाणा खातात. हे दहा-बारा दिवस वाफ्यावर जुनी साडी किंवा जाळी ताणून ठेवणं हा एकच खात्रीचा उपाय. बुजगावण्याला पाखरं दोन दिवस भितात.

रोपं वीतभर झाली की विरळणी. प्रत्येक जागी जोमदार एक ठेवा, दुसरं उपटू नका, कात्रीने कापा; उपटताना राहणाऱ्याची मुळं हलतात. जीव होत नाही हे खरं, पण दाट ठेवलेला मका फक्त पानं देतो.

झाड गुडघ्याएवढं झालं की त्याच्या बुडाशी चवळी, घेवडा किंवा वाल टोकता येतो. अमेरिकेतले मूळ रहिवासी मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावत आले, आणि सातपुड्यातही मक्याच्या शेतात उडीद आणि काकडी दिसतेच. पहिल्या वर्षी मात्र वेल टाळलेले बरे, खाली बसून अळ्या शोधायला वाट राहते.

खत आणि पाणी

मका खादाड आहे, विशेषतः नत्राचा (नायट्रोजनचा). पेरणीआधीचं शेणखत पुरत नाही. पंचविसाव्या-तिसाव्या दिवशी आणि मग पंचेचाळिसाव्या दिवसाच्या सुमारास प्रत्येक झाडाच्या बुडाशी दोन मुठी गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड द्यावी. युरिया वापरायचाच तर प्रत्येक वेळी चौरस मीटरला ८-१० ग्रॅम पुरे. देशी झाड उंच असतं, नत्र जास्त झालं की वाऱ्यात लोळतं. झाड स्वतःच सांगतं काय कमी आहे: खालच्या पानाच्या टोकापासून मधल्या शिरेच्या बाजूने पिवळेपणा शिरला तर नत्र, पानं जांभळट झाली तर स्फुरद (फॉस्फरस) किंवा नुसती थंडी, कोवळ्या पानांवर शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढरट पट्टे आले तर जस्त.

पंचविसाव्या-तिसाव्या दिवसाचं खत देताना खुरपणी करून बुडाला मातीची भर द्या. खोडाच्या खालच्या पेरांतून जी जाड आधारमुळं निघतात ती या मातीत शिरतात आणि झाड वादळात टिकतं.

पाण्याची पाळी जमिनीवर अवलंबून, पण चार वेळा हात आखडता घेऊ नका: झाड गुडघ्याला आल्यावर, तुरा निघताना, कणसाला केस येताना आणि दाण्यात दूध भरताना. केस येण्याच्या आठवड्यात झाड सुकलं तर पुढे कितीही पाणी दिलं तरी गेलेले दाणे परत येत नाहीत.

लष्करी अळी

२०१८ आधीचं मक्याचं कुठलंही मार्गदर्शन वाचाल तर त्यात खोडकिडा सगळ्यात मोठा शत्रू असेल. त्या वर्षी मे महिन्यात कर्नाटकात अमेरिकन लष्करी अळी सापडली, काही महिन्यांत ती महाराष्ट्रात पोचली आणि मक्याचं गणितच बदललं. आता मका लावला म्हणजे ही येणार असं धरून चालायचं.

ओळख अशी: अळीच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षराची पांढरट खूण आणि शेपटाकडच्या शेवटून दुसऱ्या भागावर चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके. मादी पतंग पानावर पुंजक्याने शे-दीडशे अंडी घालते आणि वर राखाडी केसांची चादर पसरते. बाहेर आलेल्या बारीक अळ्या पानाचा हिरवा भाग खरवडतात, त्यामुळे पानावर कागदी पांढरे चट्टे दिसतात. मोठी अळी पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या न उघडलेल्या पानांच्या गुंडाळीत शिरते, मग पानं उघडली की त्यांवर फाटकी भोकं आणि पोंग्यात ओलसर दाणेदार विष्ठा.

घरच्या वाफ्यात साठ झाडं असतात, हा तुमचा मोठा फायदा. शेतकऱ्याला एकरभर झाडांचे पोंगे उघडून बघता येत नाहीत, तुम्हाला चहा गार होईपर्यंत येतात. उगवून आठवडा झाला की एक दिवसाआड सकाळी प्रत्येक झाड बघायचं. अंड्यांचा पुंजका दिसला की चिरडायचा. पांढरे चट्टे दिसले की अळ्या टिपून साबणाच्या पाण्यात. मोठ्या अळ्या एकमेकींना खातात, त्यामुळे एका पोंग्यात बहुधा एकच असते. ती काडीने काढता येते. पोंग्यात बारीक वाळू आणि चुना नवास एक या प्रमाणात मिसळून चिमूटभर टाकला तर आतली अळी मरते किंवा निघते. चूल असेल तर चाळलेली राखही चालते.

फवारणीसाठी पाच टक्के निंबोळी अर्क: ५० ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, किंचित साबण घालून. हा लहान अळ्यांवर आणि अंडी घालायला येणाऱ्या पतंगावर चालतो, बोटाएवढ्या अळीवर नाही. तिच्यासाठी मेटारायझियम ही बुरशी, लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी, थेट पोंग्यात. तुरा बाहेर आला की फवारण्या थांबवा. तोवर झाड सावरलेलं असतं, आणि खाण्याच्या धान्यावर रासायनिक कीटकनाशक मारण्याइतकं नुकसान घरच्या वाफ्यात क्वचितच होतं.

तुऱ्यापासून कणसापर्यंत

पेरणीनंतर पन्नास-साठ दिवसांनी तुरा दिसतो, दोन-तीन दिवसांनी कणसातून केस. वाफा लहान असल्याने वाऱ्याला मदत करावी. सकाळी दव उडाल्यावर, नऊ-दहाच्या सुमारास, झाडं हलक्या हाताने हलवा. किंवा कागदाच्या पिशवीत पाच-सहा तुरे झटकून पिवळी पूड गोळा करा आणि लगेच सगळ्या कणसांच्या केसांवर भुरभुरा. सलग पाऊस असेल तर पाऊस थांबेल त्या तासाभरात हे काम केलं तरी फरक पडतो. परागाचा जीव काही तासांचाच, दुपारपर्यंत ठेवून उपयोग नाही.

केस आल्यापासून वीसेक दिवसांनी दाणा नखाने दाबला तर पांढरं दूध निघतं. निखाऱ्यावर भाजायची चार-पाच कणसं आताच तोडा. तिखट-मीठ-लिंबू लावलेलं हे कणीस गोड मक्यापेक्षा मला जास्त आवडतं, त्याला चव धान्याची असते. बाकीच्यांना हात लावू नका. इथून पुढे पोपटांचा धोका. मोजकी कणसं असतील तर केस वाळून तपकिरी झाल्यावर कणसांवर कागदी पिशव्या किंवा जुने पायमोजे चढवा.

काढणी आणि वाळवण

वाणानुसार नव्वद ते एकशे दहा दिवसांत कणसावरची पानं वाळून फिकी पिवळी होतात. एक दाणा उपसून त्याचं बूड बघा. तिथे काळा थर दिसला की दाण्यात जायचं होतं ते सगळं गेलं. तरी त्यात तिसरा हिस्सा पाणीच असतं. हवा कोरडी असेल तर आणखी आठ-दहा दिवस झाडावरच राहू द्या. पावसाची चिन्हं असतील तर लगेच तोडा.

कणसावरची पानं मागे सोलून, त्यांचीच वेणी घालून किंवा जोड्या बांधून हवेशीर जागी टांगा. चुलीवरच्या धुरात टांगलेल्या मक्याला सोंडकिडा सहसा लागत नाही. ते नसेल तर पंख्याखालची खोली. पंधरवड्याने दोन कणसं एकमेकांवर घासली की दाणे सुटू लागतात. आत दिसलेला एकही बुरशीचा, काळपट-हिरवा दाणा ठेवायचा नाही, गुरांनाही घालायचा नाही. त्या बुरशीचं विष शिजवून जात नाही.

पुरेसं वाळलं का? दाणा दाताखाली कट्‌ आवाज करून फुटला पाहिजे, चेपला जाता कामा नये. आणखी खात्री हवी तर कोरड्या बरणीत दाण्यांबरोबर दोन चमचे मीठ घालून हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा अजून जास्त आहे. पावसाळी हवेत मीठ आधी तव्यावर गरम करून गार करून घ्या, नाहीतर ते स्वतःच चिकटतं.

नीट वाळलेले दाणे हवाबंद डब्यात वर्षभर राहतात. थोडेच असतील तर डबा भरण्याआधी आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा, सोंडकिड्याची अंडी मरतात. दाणे अख्खेच ठेवा. दळल्यावर कोंबातलं तेल हवेला उघडं पडतं आणि पीठ पंधरा दिवसांत खवट होऊ लागतं. फ्रिजमध्ये महिना-दीड महिना टिकतं.

दळणं आणि खाणं

टणक मका घरच्या मिक्सरची परीक्षा बघतो. एका वेळी वाटीभर, थांबत थांबत फिरवा. बरं म्हणजे गिरणी. ज्वारी-बाजरीच्या दळणानंतर नंबर लावा, मिरचीनंतर चुकूनही नको. गिरणीवाल्याला सांगून अर्धा मका भरडून घ्या, अर्धा दळून. भरड चाळली की तीन गोष्टी मिळतात: वर जाड कण्या, मध्ये रवा, खाली पीठ.

भाकरीला पीठ ताजं हवं. पाणी खळखळ उकळून मीठ घालून पिठावर ओता, चमच्याने ढवळा, झाकून दहा-पंधरा मिनिटं ठेवा. टणक मक्याचं पीठ रवाळ असतं, पाणी सावकाश शोषतं. ही पंधरा मिनिटं वाचवली की भाकरी कडेला फाटते. मग तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने रगडून मळा. भाकरी लहान आणि जरा जाड थापा, परातीत जमत नसेल तर ओल्या कापडावर. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात. बरोबर उडदाची आमटी आणि लसणाचा ठेचा.

कण्या तीन-चार तास भिजवून, पाचपट पाण्यात कुकरला मंद आचेवर शिजवा. ज्वारीच्या करतात तशा ताकातल्या कण्या याच्याही छान होतात. वर लसूण-जिऱ्याची फोडणी. रवा मंद आचेवर पाऊण तास ढवळत शिजवला की उत्तर इटलीतली पोलेंता झाली. तिथेही चांगल्या पोलेंतासाठी टणक मक्याचे जुने वाण मुद्दाम राखले जातात, कारण शिजूनही कणाला दाताखाली थोडा जोर राहतो. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये पांढऱ्या टणक मक्याच्या पिठाचे जॉनीकेक नावाचे धिरडे करतात, तेही आपल्या तव्यावर सहज होतात.

मेक्सिकोची पद्धत वेगळी आणि करून बघण्यासारखी. एक किलो दाणे, तीन लिटर पाणी, १० ग्रॅम खाण्याचा चुना. पानपट्टीवर मिळतो तो साधा ओला चुना असेल तर दोन चमचे. रंगकामाचा चालत नाही. भांडं स्टीलचं घ्या, अॅल्युमिनियमला चुना खातो. पाऊण-एक तास मंद उकळून रात्रभर तसंच ठेवा. सकाळी दाणे पिवळेजर्द झालेले असतात आणि साल बोटाने सुटते. चोळून चार पाण्यांनी धुवा आणि ओलेच वाटा. हे पीठ चिकट होतं, लाटताही येतं, आणि त्याला स्वतःचा एक वास असतो.

चव हा त्याचा एक भाग. मक्यातलं नायसिन जीवनसत्त्व बांधलेल्या स्थितीत असतं, चुन्याने ते मोकळं होतं. मका युरोपात गेला, ही चुन्याची रीत मात्र मागेच राहिली, आणि नुसत्या मक्यावर जगणाऱ्या इटलीतल्या व पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या गरिबांना पेलाग्राने, म्हणजे नायसिनच्या कमतरतेच्या आजाराने ग्रासलं. आपल्याकडे ज्वारीवर जगणाऱ्या दख्खनमधल्या गरिबांतही हा आजार दिसे, हैदराबादला पोषणशास्त्रज्ञ डॉ. सी. गोपालन यांनी त्यावर काम केलं. आठवड्यातून दोनदा भाकरी खाणाऱ्याने, सोबत डाळ-भाजी असताना, याची काळजी करायचं कारण नाही.

पुढच्या वर्षाचं बी

बी टोपलीतून निवडू नका, वाफ्यात उभ्या झाडांतून निवडा. झाड मधल्या ओळींतलं, न लोळलेलं. कणीस फार उंचावर नको. कणसाचं टोक पानांनी पूर्ण झाकलेलं हवं, कारण पाखरं आणि सोंडकिडा तिथूनच शिरतात. अशा झाडांना काढणीआधीच चिंधी बांधून ठेवा. दाणे कणसाच्या मधल्या भागातले घ्या, टोकाचे आणि बुडाचे खायला.

मोठी चूक म्हणजे सगळ्यात सुंदर एका कणसाचं बी राखणं. मका आपल्याच नात्यात फार काळ टिकत नाही. थोड्या झाडांवरून पुन्हा पुन्हा बी घेतलं की चार-पाच पिढ्यांत झाडं खुजी आणि कणसं बारीक होतात. वाण नीट राखायला शंभर-दोनशे झाडं लागतात, तुमच्याकडे साठ. तेव्हा निदान वीस-पंचवीस कणसांतून सारखे दाणे घेऊन मिसळा, आणि तोच वाण लावणाऱ्या दोन-तीन घरांशी दरवर्षी मूठभर बियांची अदलाबदल करा. बियांची बरणी काचेची, झाकण घट्ट, जागा थंड. आपल्या दमट हवेत बी दोन वर्षं भरवशाचं, फ्रिजमध्ये त्याहून जास्त. पेरणीच्या पंधरा दिवस आधी वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. आठव्या दिवशी सोळा-सतरा मोडले असतील तर एका जागी दोन दाणे पुरेत, दहा-बाराच मोडले तर तीन टोका.